मोटरमनचा हात ते वॉचडॉग टायमर : मुंबईच्या उपनगरांतील यांत्रिक राखणीचा इतिहास

प्रस्तावना

अंधेरी स्थानकातून सुटलेल्या लोकलच्या पुढच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो. त्याचा हात मास्टर कंट्रोलरच्या मुठीवर असतो आणि ती मूठ त्याने दाबून धरलेली असते. गाडी धावत असताना हात सुटला, तर मोटारींचा वीजपुरवठा तुटतो आणि ब्रेक लागतात. या योजनेला रेल्वेच्या परिभाषेत ‘डेड मॅन्स हँडल’ असे काहीसे भीषण नाव आहे. डब्यात उभ्या असलेल्या हजारो प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ही मूठ ठाऊक असते. तथापि त्यांच्या सुरक्षिततेचा एक धागा तिच्याशी बांधलेला असतो.

आज घरातील राउटरमध्ये, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात किंवा इमारतीच्या गच्चीवरील हवामान केंद्रात बसणाऱ्या छोट्या संगणकांत ‘वॉचडॉग टायमर’ नावाची यंत्रणा असते. अशा उपकरणांपैकी अनेकांवर लिनक्स ही संगणकप्रणाली चालते. वॉचडॉग हा मुख्य प्रोसेसरच्या कामकाजापासून शक्य तितका अलिप्त ठेवलेला एक उलटा मोजणारा घड्याळी सर्किट होय. प्रणालीने ठरावीक मुदतीत त्याच्याकडे हजेरी लावली, तर तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. हजेरी चुकली आणि मोजणी शून्यावर आली, की तो काहीही न विचारता संपूर्ण उपकरण रीसेट करतो.

या दोन यंत्रणांमध्ये तंत्रज्ञानाचे अंतर मोठे असले, तरी विचार एकच आहे. नियंत्रण करणारा, मग तो मनुष्य असो वा प्रोग्रॅम, कधीतरी निकामी होणारच असे गृहीत धरायचे आणि त्याच्या गप्प राहण्यालाच इशारा मानायचे. प्रस्तुत लेखात या विचाराचा मुंबईच्या उपनगरांतील प्रवास तपासला आहे. उपकरणांची वंशावळ लावणे एवढाच हेतू नाही. हजेरी म्हणजे जाग नव्हे, ही अडचण रेल्वेला आधी भेटली आणि संगणकाला नंतर. शिवाय रेल्वेने थांबण्याबरोबर चौकशीची जी शिस्त लावून घेतली, ती संगणकाच्या पुन्हा सुरू होण्यात सहज हरवते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

दोन माणसांवरून एका माणसावर

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हापासून पुढची सात दशके मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वाफेचे राज्य होते. वाफेच्या इंजिनावर चालक एकटा नसे. कोळसा घालणारा फायरमन शेजारी असे. त्याचे काम बॉयलरचे असले, तरी चालकाला भोवळ आली किंवा सिग्नल नजरेतून सुटला, तर ते लक्षात येईल असा दुसरा जिवंत माणूस हाताच्या अंतरावर असे. ही सुरक्षितता कोणी मुद्दाम आखलेली नव्हती. ती इंधनाच्या गरजेतून फुकट मिळालेली होती.

दि. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली विजेवरील गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत गेली. दि. ५ जानेवारी १९२८ पासून बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. दोन्ही ठिकाणी १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरण्यात आला. घाटकोपर, मुलुंड आणि त्यापलीकडील स्थानकेही लवकरच या जाळ्यात आली. उपनगरांच्या वाढीचा इतिहास लिहिताना या घटनेचे वर्णन वेग, स्वच्छता आणि गाड्यांची वाढलेली संख्या या अंगांनी केले जाते. केबिनमधील बदलाकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. कोळसा गेला, त्याबरोबर फायरमन गेला आणि गाडी चालवणारा मनुष्य प्रथमच एकटा पडला.

याला अमेरिकेतील एक शोध कारणीभूत होता. फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोतील उन्नत रेल्वेसाठी अनेक डब्यांच्या मोटारी एकाच ठिकाणाहून चालविण्याची पद्धत सिद्ध केली. मुंबईची लोकल त्याच पद्धतीची वारसदार आहे. सगळी शक्ती एका मुठीत आल्यावर ती मूठ धरणाऱ्याचे काय, हा प्रश्न जगभरच्या विद्युत रेल्वेंपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्याच मुठीत बसवलेल्या स्प्रिंगने दिले. मुंबईच्या ईएमयू गाड्यांतही हीच रचना आली.

अर्थात मोटरमन गाडीवर एकटा असला, तरी गाडी पूर्णपणे त्याच्या स्वाधीन नसते. शेवटच्या केबिनमध्ये गार्ड असतो. जानेवारी २०२२ पासून त्याच्या पदाचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ असे करण्यात आले. गार्डने दोन घंटा दिल्यावर गाडी सुटते, एक घंटा थांबण्याची असते. गाडीच्या दोन टोकांना असलेली ही दोन माणसे घंटांच्या भाषेत एकमेकांची खबर घेतात. गार्डलाही ब्रेक लावता येतो. म्हणजेच राखण दुहेरी आहे: मुठीतील स्प्रिंग क्षणाक्षणाची आणि गार्ड त्याहून मोठ्या अवकाशाची.

हजेरी आहे, जाग नाही

डेड मॅन्स हँडलमधील उणीव तिच्या नावातच आहे. मेलेल्या माणसाचा हात सुटतो, असे ते गृहीत धरते. पण तो सुटला नाही तर? दि. ३१ जानेवारी २००३ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात वॉटरफॉल स्थानकाजवळ एका उपनगरी गाडीच्या चालकाला हृदयविकाराचा झटका आला. त्या गाडीत मुठीबरोबर पायाने दाबून ठेवायचे पेडलही होते. चालक बेशुद्ध झाला, परंतु त्याच्या पायाचे वजन पेडलवर तसेच राहिले. यंत्राच्या दृष्टीने चालक हजर होता. गाडी वेगाने वळणावर गेली, रुळांवरून घसरली आणि चालकासह सात जण मृत्युमुखी पडले. मागच्या बाजूला गार्ड होता, त्यालाही आपत्कालीन ब्रेकचा अधिकार होता. तोही लागला नाही. चौकशी आयोगाने पेडलच्या या दोषाची सविस्तर नोंद केली.

महाविद्यालयीन वर्गाशी परिचित असलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. हजेरीपटावर नाव असणे आणि वर्गात लक्ष असणे यांतील फरक तोच हा. (प्रॉक्सी हजेरीचा मुद्दा पुढे येईलच.)

या उणिवेवरचा उपाय म्हणजे केवळ दाब न मागता कृती मागणे. भारतीय रेल्वेच्या इंजिनांवर बसविलेल्या व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइसची रचना अशी आहे, की चालकाने साठ सेकंदांच्या आत वेग बदलणे, ब्रेक लावणे, हॉर्न वाजवणे किंवा पोचपावतीचे बटण दाबणे यांपैकी काही केले नाही, तर प्रथम सुमारे आठ सेकंद दिवा लुकलुकतो, मग तेवढाच वेळ बझर वाजतो आणि त्यानंतरही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक लागतात. येथे बटण कायम दाबून ठेवणे उपयोगी पडत नाही. दाबणे आणि सोडणे, दोन्ही लागते.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर यापुढची पायरी ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीमच्या रूपाने आली. ती पश्चिम रेल्वेवर १९८६ मध्ये आणि मध्य रेल्वेवर १९९६ मध्ये कार्यान्वित झाली. रुळांमध्ये बसवलेल्या चुंबकांमार्फत सिग्नलची स्थिती केबिनपर्यंत पोहोचते. पिवळ्या सिग्नलची सूचना मिळाल्यावर मोटरमनने काही सेकंदांत पोच द्यावी लागते, अन्यथा गाडीला आपोआप ब्रेक लागतात. लाल सिग्नल ओलांडल्यास पोच मागितलीच जात नाही. डेड मॅन्स हँडल ‘तू आहेस का’ असे विचारते. व्हिजिलन्स यंत्रणा ‘जागा आहेस का’ असे विचारते. ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीमचा प्रश्न मात्र ‘समोर जे आहे ते तुला दिसले का’ असा आहे. हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

गावगाड्यातील जागल्याला हे फार पूर्वी कळले असावे. रात्री फिरताना तो आरोळी देई, ती चोराला भिववण्यासाठी जितकी, तितकीच गावाला आपण झोपलो नाही हे कळविण्यासाठी. उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या गल्ल्यांत मध्यरात्री काठी आपटत जाणारा पहारेकरीही हेच करीत असतो. काठीचा आवाज बंद झाला, की एखाद्या म्हाताऱ्या रहिवाशाला जाग येते.

लिनक्समधील राखणदार

संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. कार्यालयातील संगणक अडकला, तर समोर बसलेला मनुष्य तो बंद करून पुन्हा सुरू करतो. खांबावर, गच्चीवर किंवा नाल्याच्या काठावर बसवलेल्या उपकरणासमोर कोणीही नसते. विजेच्या दाबातील क्षणिक घसरण, उष्णता, स्मृतीतील बिघाड किंवा प्रोग्रॅममधील साधी चूक यांमुळे ते अडकते आणि दिवे लागलेले असूनही आत सर्व स्तब्ध असते.

लिनक्सच्या कर्नलमध्ये वॉचडॉगसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. प्रणालीत ‘वॉचडॉग’ नावाची एक विशेष फाइल दिसते. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडली, की घड्याळ सुरू होते आणि त्यानंतर त्या प्रोग्रॅमने ठरावीक अंतराने तिच्यात काहीतरी लिहीत राहावे लागते. ज्या संगणकात स्वतंत्र सर्किट नव्हते, त्यांच्यासाठी ॲलन कॉक्स यांनी १९९६ मध्ये ‘सॉफ्टडॉग’ हा केवळ प्रोग्रॅमच्या रूपातील वॉचडॉग लिहिला. त्याची मूळ मुदत साठ सेकंदांची आहे; व्हिजिलन्स यंत्रणेच्या मुदतीशी तिचे जुळणे हा योगायोगच. मात्र सॉफ्टडॉग कर्नलच्याच घड्याळावर अवलंबून असतो. कर्नलच पूर्ण गोठले, तर राखणदारही त्याच्याबरोबर गोठतो. शेतातले बुजगावणे पाखरांना पुरते, चोराला नाही, तशी ही गत आहे. म्हणून दुर्गम ठिकाणच्या उपकरणात स्वतंत्र सर्किटालाच प्राधान्य द्यावे लागते.

येथे एक तपशील लक्षणीय आहे. वॉचडॉगची फाइल बंद करताना प्रोग्रॅमने आधी ‘व्ही’ हे रोमन अक्षर लिहिले, तरच घड्याळ थांबते, अशी सोय अनेक ड्रायव्हरांत आहे. प्रोग्रॅम कोसळून फाइल आपोआप बंद झाली असेल, तर ते अक्षर लिहिले गेलेले नसते आणि घड्याळ चालूच राहते. म्हणजे निरोप घेऊन जाणे आणि नाहीसे होणे यांत यंत्र फरक करते. याहून कडक पर्याय कर्नल तयार करतानाच निवडता येतो. त्यात एकदा सुरू झालेला राखणदार कोणत्याही निरोपाने थांबत नाही.

एवढी काळजी घेऊनही वॉटरफॉलचा पाय येथे पुन्हा भेटतो. अनेक उपकरणांत वॉचडॉगला हजेरी देण्यासाठी एक लहानसा स्वतंत्र प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर ठेवलेला असतो. त्याचे काम एवढेच, की दर काही सेकंदांनी फाइलमध्ये लिहायचे. ज्या मुख्य कामासाठी उपकरण बसवले, ते काम करणारा प्रोग्रॅम अडकून पडला, तरी हा लहान प्रोग्रॅम निष्ठेने हजेरी देत राहतो. ही शुद्ध प्रॉक्सी हजेरी होय. वॉचडॉग समाधानी असतो आणि उपकरण मात्र निरुपयोगी झालेले असते. यावरचा मार्गही रेल्वेनेच आधी दाखवलेला आहे: हजेरी कामाशी बांधली पाहिजे. मोजमाप घेतले गेले, नोंद साठवली गेली, पुढे पाठवली गेली, या सर्व टप्प्यांची खूण मिळाल्यावरच हजेरी द्यावी. लिनक्समधील ‘सिस्टमडी’ या व्यवस्थापक प्रोग्रॅमने २०१२ पासून अशी साखळी शक्य केली. सर्किट सिस्टमडीवर नजर ठेवते आणि सिस्टमडी प्रत्येक सेवेकडून वेगळी हजेरी घेते. गार्ड, मोटरमन आणि स्प्रिंग यांच्या जुन्या रचनेशी तिचे साम्य उघड आहे.

मुदत किती ठेवावी, हाही वाटतो तितका किरकोळ प्रश्न नाही. लोकप्रिय रास्पबेरी पाय या संगणकातील सर्किट जेमतेम पंधरा सेकंद मोजू शकते, तर लिनक्स पूर्ण सुरू व्हायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो. वॉचडॉग फार लवकर सुरू केला आणि मध्ये कोणी हजेरी दिली नाही, तर उपकरण सुरू होता होताच पुन्हा रीसेट होते आणि हे चक्र संपत नाही. उशिरा सुरू केला, तर आरंभीच अडकलेल्या उपकरणाला वाली राहत नाही.

थांबणे आणि पुन्हा सुरू होणे

आतापर्यंत साम्ये पाहिली. भेद अधिक महत्त्वाचा आहे. रेल्वेची यंत्रणा शंका येताच गाडी थांबवते. कारण रुळांवर थांबलेली गाडी ही तिच्या दृष्टीने सुरक्षित अवस्था आहे. घाटकोपर आणि विक्रोळीच्या मध्ये गाडी अशी उभी राहिली, तर ते लपत नाही. मागच्या गाड्या अडतात, नियंत्रण कक्षाला कळते, मोटरमनला उत्तर द्यावे लागते, नोंद होते. थांबण्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागते हे खरे, पण त्या किमतीमुळेच कारण शोधणे भाग पडते.

वॉचडॉग मात्र उपकरण थांबवत नाही, पुन्हा सुरू करतो. अर्ध्या मिनिटात सर्व सुरळीत दिसू लागते. कोणाचीही तक्रार येत नाही. शिवाय रीसेट होताना तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर सामान्यतः नष्ट होतो आणि बिघाडाच्या क्षणाचा पुरावा नेमका तेथेच असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे चिंताजनक वाटले पाहिजे. ज्या यंत्रणेमुळे संकट टळते, तीच संकटाचे दप्तर जाळून टाकते.

पुरावा जपला तर काय साधते, याचे प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीपलीकडचे आहे. नासाचे मार्स पाथफाइंडर हे यान दि. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. त्यावर लिनक्स नव्हे, व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली होती. हवामानविषयक मोजमापे गोळा करणारे कमी प्राधान्याचे काम एक सामायिक साधन अडवून ठेवत होते. मधल्या प्राधान्याची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती. परिणामी सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबत होते आणि वॉचडॉगसदृश यंत्रणा संगणक पुन्हा सुरू करीत होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रात घडामोडींचा क्रमवार माग ठेवून तो प्रसंग पुन्हा घडवून आणला, कारण शोधले आणि सुधारणा मंगळावर पाठवली. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे रीसेट क्वचित दिसले होते, पण त्यांचा उलगडा न होता ते मागे पडले होते, ही गोष्ट त्या यशाच्या कथेत बहुधा हळू आवाजात सांगितली जाते.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न पावसाशी जोडलेला आहे. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याची नोंद ७४ मिलिमीटर होती. दोन नोंदींतील ही तफावत एवढी मोठी होती, की शहराच्या पावसाचे मोजमाप दोन वेधशाळांवर सोडता येणार नाही हे स्पष्ट झाले. त्यानंतर २००६ पासून बृहन्मुंबई महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्रांचे जाळे उभारले. ही केंद्रे ठरावीक मिनिटांच्या अंतराने आकडे पाठवतात. मिठी नदीची पातळी, भरतीची वेळ, पंप सुरू करणे, सखल भागांना इशारा देणे, हे सारे निर्णय अशा आकड्यांवर घ्यावे लागतात.

अशा कोणत्याही केंद्रातील संगणक मुसळधार पावसात अडकला आणि वॉचडॉगने तो पुन्हा सुरू केला, असे क्षणभर गृहीत धरावे. पाऊस मोजण्याची प्रचलित रीत अशी, की एक लहानशी दुहेरी बादली भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. मोजणी तात्पुरत्या स्मृतीत असेल, तर रीसेटनंतर ती शून्यापासून सुरू होते. त्या पंधरा मिनिटांत पाऊस पडलाच नाही, की तो मोजला गेला नाही, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. शून्य आणि अभाव यांतील हा भेद बोरिवलीतील एखाद्या तळमजल्यावरच्या कुटुंबासाठी तात्त्विक राहत नाही.

तांत्रिक उपाय कठीण नाहीत. मोजणी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत ठेवता येते. अनेक प्रोसेसर मागचा रीसेट वॉचडॉगमुळे झाला की वीज गेल्यामुळे, याची खूण एका नोंदवहीवजा रजिस्टरमध्ये ठेवतात आणि लिनक्स ती वाचू शकते. कोसळण्यापूर्वीचे कर्नलचे शेवटचे संदेश राखीव स्मृतीत ठेवून पुढच्या सुरुवातीला ते परत मिळविण्याची सोयही कर्नलमध्ये आहे. काही वॉचडॉग तर मुदत संपण्याच्या थोडे आधी पूर्वसूचना देतात, व्हिजिलन्स यंत्रणेच्या दिव्यासारखी, आणि तेवढ्या वेळात प्रणाली आपली अवस्था लिहून ठेवू शकते. या सोयी सुरू करणे आणि त्यांतून आलेली नोंद कोणीतरी वाचणे, एवढेच मागे उरते. रेल्वेत ज्याप्रमाणे थांबलेल्या गाडीचा अहवाल कोणा अधिकाऱ्याच्या मेजावर जातो, त्याप्रमाणे रीसेटची नोंद कोणाच्या मेजावर जावी, हे निविदा काढतानाच लिहावे लागेल.

तोपर्यंत पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीचा तक्ता समोर घेऊन बसलेल्या अभ्यासकाला पहाटे सव्वातीनच्या रकान्यात शून्य दिसते. आधीच्या रकान्यात २२ मिलिमीटर आहेत, नंतरच्या रकान्यात १९. ते शून्य खोडून तेथे रेघ मारायची की नाही, हे ठरविण्यासाठी त्याला यंत्र केव्हा आणि कशामुळे पुन्हा सुरू झाले हे सांगणारी एक ओळ हवी असते.